हे कशासाठी लिहिले आहे?

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील प्रमुख लिपिक दोन वर्षांपूर्वी सेवानिवृत्त झाले. सारे त्यांना भाऊसाहेब म्हणत. नोकरीच्या काळात त्यांनी जेवढे शासन निर्णय, परिपत्रके व स्मरणपत्रे वाचली, तेवढी आम्हा प्राध्यापकांपैकी कोणीही वाचली नसतील. शासन निर्णय हाती आला की प्रथम तारीख व संदर्भ पाहावयाचे, प्रस्तावनेवरून एक नजर फिरवावयाची आणि मग निर्णयाचा भाग, त्यातही अटी व अपवाद, शब्द न् शब्द वाचावयाचा, ही त्यांची रीत होती. कोणत्या वाक्यापायी कोणाची वेतनवाढ अडणार, हे ते कागद खाली ठेवण्यापूर्वी सांगत आणि ते सहसा चुकत नसे.

हेच भाऊसाहेब निवृत्तीनंतर वर्षभराने एक रंगीत कात्रण घेऊन माझ्या घरी आले. एका गुंतवणूक योजनेच्या प्रवर्तकाची ती मुलाखत होती. छायाचित्र, मथळा, प्रश्न, उत्तरे, मधूनमधून ठळक टाइपातील वाक्ये, सारे एखाद्या रविवार पुरवणीतील लेखासारखे. “सर, तुम्ही अर्थशास्त्राचे. यात लेखकाला नेमकं काय म्हणायचं आहे, ते मला समजावून सांगा,” असे ते म्हणाले. मी कात्रण उलटसुलट करून पाहिले. लेखकाचे नाव कोठेच नव्हते. वरच्या कोपऱ्यात, भिंगावाचून दिसू नये इतक्या बारीक अक्षरांत, ‘जाहिरात’ असा शब्द मात्र होता. ग्रॅच्युइटीच्या रकमेतील चार लाख रुपये भाऊसाहेबांनी त्या योजनेत आधीच गुंतविले होते आणि दोन महिन्यांपासून व्याज येणे बंद झाले होते.

मला त्या दिवशी पडलेला प्रश्न पैशाचा कमी व वाचनाचा अधिक होता. शासन निर्णयातील एक शब्द ज्यांच्या नजरेतून कधी सुटला नाही, त्यांना या कात्रणाने कसे फसविले? उत्तर सोपे आहे, पण सुखद नाही. कचेरीतील कागद हाती घेताना ते मनाशी विचारीत की, हा कागद माझ्याकडून काय करवून घेऊ पाहतो? कात्रण वाचताना हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. ‘लेख’ म्हटला की तो माहिती देण्यासाठीच असणार, असे त्यांनी गृहीत धरले. मजकुराच्या बाह्य रूपावरून त्यांनी त्याचा हेतू ठरविला.

आणि हेच तर आपण शाळेत शिकवितो! ‘लेखकाचा हेतू ओळखा’ हा प्रश्न आता भाषाविषयांत रुळला आहे. माहिती देणे, मनोरंजन करणे आणि मन वळविणे, असे हेतूंचे तीन खण गाईडवाल्यांनी आखून दिले आहेत. पाठ्यपुस्तकातील उतारा माहितीच्या खणात, गोष्ट मनोरंजनाच्या आणि जाहिरात मन वळविण्याच्या खणात टाकली की गुण मिळतात. म्हणजे प्रकार पाहावयाचा आणि त्यावर छापील चिठ्ठी चिकटवावयाची. प्रकार आणि हेतू यांची जेथे फारकत होते, तेथेच वाचकाची खरी परीक्षा असते. पण तो प्रश्न कधी विचारला जात नाही. भाऊसाहेबांच्या कन्येला या प्रश्नात पूर्ण गुण होते, हे त्यांनीच मला सांगितले.

आपल्याकडे या विषयाचा विचार झालेला नाही, असे मात्र मुळीच नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’त काव्याची सहा प्रयोजने सांगितली. संस्कृतच्या विद्यार्थ्यांना ती पाठ असतात. त्यांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. पहिले प्रयोजन यश आणि दुसरे अर्थ, म्हणजे पैसा! व्यवहारज्ञान, अशुभाचे निवारण, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रियेने केल्यासारखा उपदेश ही त्यानंतर येतात. ग्रंथकर्त्यालाही पोट असते व कीर्तीची हाव असते, हे सांगताना मम्मट लाजला नाही. त्याने उपदेशाच्याही तीन तऱ्हा कल्पिल्या. वेद धन्यासारखी आज्ञा करतात, पुराणेतिहास मित्रासारखे समजावतात आणि काव्य प्रियेसारखे मन वळवून घेते. शासकीय परिपत्रक पहिल्या जातीचे आणि पाठ्यपुस्तक दुसऱ्या जातीचे. भाऊसाहेबांचे कात्रण मित्राच्या वेशात आले होते, आणि त्याचा डाव तिसरा होता.

परंतु प्रयोजनांची यादी हाती असणे निराळे आणि समोरच्या मजकुराचे प्रयोजन कोणते हे ठरविणे निराळे. त्यासाठी कसोट्या लागतात. त्या कसोट्या मराठी वाचकाच्या घरातच आहेत. पण त्या ज्या ग्रंथात आहेत, तो कपाटातून बाहेर निघत नाही.

मंडालेची कसोटी

लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात शिसपेन्सिलीने लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात टिळकांपुढे असलेला प्रश्न आपलाच आहे. गीता कशासाठी सांगितली? शंकराचार्यांच्या भाष्यात तिचे तात्पर्य संन्यासपूर्वक ज्ञान असे निघते, रामानुजांच्या भाष्यात भक्ती असे निघते. ग्रंथ एक आणि तात्पर्ये अनेक. प्रत्येक टीकाकाराने आपला संप्रदाय आधी मनात धरला आणि मग गीता वाचली, हा टिळकांचा आक्षेप. यावर उपाय म्हणून त्यांनी मीमांसकांचे जुने नियम पुढे केले. ग्रंथाचे तात्पर्य ठरविताना उपक्रम व उपसंहार, म्हणजे आरंभ आणि शेवट, पाहावेत. अभ्यास, म्हणजे पुनःपुन्हा काय सांगितले आहे, ते पाहावे. अपूर्वता, म्हणजे नवे काय. फल, म्हणजे परिणाम काय झाला. अर्थवाद, म्हणजे स्तुती-निंदा व ओघात आलेला मजकूर कोणता, तो बाजूला काढावा. आणि उपपत्ती, म्हणजे युक्तिवाद कोणत्या गोष्टीच्या सिद्धीसाठी चालला आहे, ते पाहावे. या रीतीने पाहता, गीतेचा आरंभ ‘मी लढणार नाही’ म्हणणाऱ्या अर्जुनाने होतो, शेवटी तो लढावयास उभा राहतो आणि लढतोही. तेव्हा तात्पर्य कर्मत्यागाचे नसून कर्मयोगाचे आहे, असा निष्कर्ष टिळकांनी काढला.

टिळकांनीही गीतेत आपलेच राजकारण वाचले, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला व तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परतंत्र देशातील पुढाऱ्याने तुरुंगात बसून लिहिलेल्या ग्रंथाला कर्मप्रवृत्तीचेच फळ लागावे, यात नवल नाही. मात्र आपण कोणत्या नियमांनी निर्णय केला, ते त्यांनी वाचकापुढे आधी मांडले. त्याच नियमांनी त्यांचा निर्णय कोणालाही तपासता येतो. हेतू असूनही प्रामाणिक राहण्याची ही रीत आहे, आणि तिच्याकडे मला पुढे पुन्हा यावयाचे आहे.

या नियमांची एक गंमत आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ताच नाही. ज्याला कर्ता नाही त्याचा हेतू कर्त्याच्या चरित्रातून कसा काढणार? म्हणून त्यांना मजकुरातच शोध घेणे भाग पडले. आपण नेमके उलट करतो. लेखक कोण, कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, हे आधी विचारतो आणि मजकूर वाचण्याचे कष्ट वाचवितो. वर्गात हल्ली हा रोग फार दिसतो. एखाद्या अर्थतज्ज्ञाचे नाव घेतले की विद्यार्थी विचारतो, “सर, ते कोणत्या बाजूचे?” बाजू कळली की वहीवरचे पेन थांबते. भाऊसाहेबांनी हेतू विचारलाच नाही आणि हा विद्यार्थी हेतूखेरीज काही विचारीत नाही. न वाचणे दोघांच्याही वाट्याला आले.

मीमांसकांचे नियम यांत्रिकपणे लावले तर फसगत होते, हेही सांगितले पाहिजे. १७२९ मध्ये डब्लिन येथे एक निनावी पुस्तिका निघाली. आयर्लंडमधील गरिबीवर उपाय सुचविणारी, आकडेमोडीने भरलेली. दरवर्षी गरिबांच्या घरी एक लाख वीस हजार मुले जन्मतात. त्यांतील वीस हजार पैदाशीसाठी राखून उरलेली एक लाख वर्षाची झाली की सधनांच्या भोजनासाठी विकावीत, असा तिचा प्रस्ताव. लेखक होता जोनाथन स्विफ्ट. आमच्या पदव्युत्तर वर्गात मी हा प्रस्ताव लेखकाचे नाव न सांगता, अर्थशास्त्रीय भाषेत सारांश करून, दरवर्षी वाचून दाखवितो. पहिली दोन मिनिटे मुले खर्च व किंमत यांची टिपणे घेत असतात. मग एखादी मुलगी मान वर करते. एका वर्षी मात्र शेवटपर्यंत कोणीही मान वर केली नाही. त्या दिवशी मी घरी फारसे बोललो नाही.

येथे आरंभ आणि शेवट पाहून काम भागत नाही, कारण लेखक अथपासून इतिपर्यंत आपला गंभीर चेहरा टिकवून ठेवतो. माझे शेवटचे मूल नऊ वर्षांचे असल्याने या व्यापारात माझा काडीचा स्वार्थ नाही, असेही तो जाता जाता सांगतो! खरा हेतू कोठे सापडतो? तो म्हणतो, इतर उपायांची मात्र मला कोणी गोष्ट सांगू नये. आणि कोणते इतर उपाय, याची यादी देतो. परदेशी राहून आयर्लंडच्या खंडावर चैन करणाऱ्या जमीनदारांवर कर, स्वदेशी मालाचाच वापर, कुळांविषयी थोडी दया. जे बोलू नका म्हटले, तेच बोलावयाचे होते. उपपत्तीची कसोटी येथे कामी येते. ज्या युक्तिवादाने इतका अमानुष निष्कर्ष निघतो, तो युक्तिवादच, म्हणजे माणसाला केवळ हिशेबाची बाब मानणारी अर्थनीतीच, लेखकाला मारावयाची आहे. फ्रान्समध्ये १८४५ मध्ये बास्तिया याने मेणबत्तीवाल्यांच्या नावे सूर्याविरुद्ध लिहिलेला अर्ज याच कुळातील. तोही वर्गात चालतो, पण स्विफ्टचा घाव त्याला नाही.

वीस, सत्तावीस, तीस, अठरा

उपहासाचे सोंग एकदा ओळखले की ओळखले. आकड्यांचे तसे नाही. ‘आकडे बोलतात’ असे म्हणतात. आकडे बोलत नाहीत, बोलविते धनी निराळे असतात. या बाबतीत माझ्या विषयातील सर्वांत बोधप्रद प्रकरण हिंदुस्थानच्या दरडोई उत्पन्नाचे आहे.

दादाभाई नौरोजी यांनी १८७६ मध्ये ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला. सरकारी अहवालांच्याच आधारे त्यांनी दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. १८८२ मध्ये बेअरिंग, म्हणजेच पुढे लॉर्ड क्रोमर झालेले अर्थसचिव, आणि बार्बर यांनी सरकारच्या वतीने २७ रुपये काढले. १९०१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी अर्थसंकल्पावरील भाषणात ३० रुपये सांगितले. त्याच वर्षी विल्यम डिग्बी या इंग्रज पत्रकाराने सरकारी कागदपत्रांतूनच अठराच्या आसपास आकडा काढून दाखविला. त्याने आपल्या जाडजूड ग्रंथाच्या नावातील ‘भरभराटीचा’ हा शब्द अवतरणचिन्हांत घातला होता. हेतू कळण्यासाठी ती दोन चिन्हे पुरेशी होती. दादाभाईंचा ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ हा ग्रंथही १९०१ चाच.

आता या चौघांपैकी हेतुरहित कोण? कोणीच नाही. कर्झन यांना सत्तावीसाचे तीस झाले, म्हणजे राज्यात सुधारणा आहे, असे दाखवावयाचे होते. दादाभाई व डिग्बी यांना देशाचे शोषण होत आहे, असे दाखवावयाचे होते. मग हेतू आहे म्हणून चारही आकडे सारखेच संशयास्पद मानावयाचे काय? वर सांगितलेला माझा विद्यार्थी तसे मानील. परंतु उपपत्तीची कसोटी येथेच लावावयाची असते. दादाभाईंनी आपला हिशेब प्रांतवार, पीकवार, एकरवार उघडा करून मांडला. कोणी तपासावा, चूक दाखवावी. सरकारी अहवालांतील सरासरीची चूकही त्यांनी दाखविली. समजा, एका जिल्ह्यात दहा एकर जमिनीत एकरी वीस मण पिकते आणि दुसऱ्यात हजार एकर जमिनीत एकरी पाच मण. वीस आणि पाच यांची बेरीज करून दोनाने भागले की सरासरी साडेबारा मण येते. खरी सरासरी मात्र पाचाच्या किंचित वर भरते. उदाहरण माझे आहे. चूक त्या अहवालांची होती. दादाभाईंच्या आकड्यातही उणिवा आहेत. केवळ वस्तूंचे उत्पादन त्यांनी धरले, सेवा धरल्या नाहीत. आजच्या व्याख्येने ते उत्पन्न कमी भरते. पण ही उणीव आज आपल्याला दाखविता येते, याचे कारण त्यांनी काहीही झाकले नव्हते.

आणि ‘अन-ब्रिटिश’ हा शब्द? आपल्याकडील तरुण वाचक तो वाचून दादाभाईंना मवाळ म्हणून नाक मुरडतो. त्याने ग्रंथ कोणासाठी लिहिला आहे, हे विचारलेले नसते. दादाभाई १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ब्रिटिश पार्लमेंटात निवडून आले होते. त्यांचा वाचक इंग्रज मतदार होता. ‘तुमचे राज्य दुष्ट आहे’ असे त्याला सांगितले असते तर त्याने पुस्तक मिटले असते. ‘हे राज्य तुमच्या स्वतःच्या तत्त्वांना शोभत नाही’ म्हटल्यावर त्याला पुढे वाचणे भाग होते. याच सुमारास मराठीत संपत्तीच्या निर्गमनाविषयी जे लिहिले जात होते, त्याचा स्वर वेगळा होता, कारण वाचक वेगळा होता. मीमांसकांच्या यादीत ‘हे कोणाला उद्देशून आहे’ ही कसोटी स्वतंत्रपणे नाही. ती आपण जोडली पाहिजे.

महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथाचे तर वाचकांनी याहून हाल केले. नावात असूड, भाषेत संताप. तेव्हा ग्रंथाचा हेतू शिव्याशाप देण्याचा, असे म्हणून कित्येकांनी तो दूर ठेवला, आणि कित्येकांनी तेवढ्यासाठीच जवळ केला. दोघांनीही उपसंहार पाहिला नाही. शेवटच्या प्रकरणात जोतीराव पलटणीतील व पोलिसांतील शिपायांकडून ताली व बंधारे घालून घ्यावेत, पाणी शेतात मुरवावे, जनावरांची पैदास सुधारावी असे सांगत बसले आहेत. ज्याला केवळ फटके मारावयाचे आहेत तो बंधाऱ्यांविषयी बोलत नाही. मृद्संधारण हा शब्द घडण्याच्या कितीतरी आधीचे हे लेखन आहे, आणि आमच्या अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमात त्याला अद्याप धड जागा नाही. असो.

शासकीय लेखनाचा हेतू उघडा करून दाखविणे म्हणजे काय, हे पाहावयाचे असेल तर गोपाळ कृष्ण गोखले यांचे १९०२ चे अर्थसंकल्पावरील भाषण वाचावे. लागोपाठ दुष्काळ पडलेले, तरीही सरकारी तिजोरीत वर्षानुवर्षे शिल्लक. सरकारने ती भरभराटीची खूण म्हणून मांडली होती. गोखल्यांनी शिल्लक नाकारली नाही, आकडेही बदलले नाहीत. ती कशी पडली, एवढेच त्यांनी विचारले. १८९३ मध्ये टांकसाळी रुपयाच्या खुल्या नाणेपाडणीस बंद केल्या, त्यामुळे घसरत गेलेला रुपया पुढे सोळा पेन्सांवर नेऊन ठेवता आला. विलायतेत पौंडांत द्यावयाच्या रकमेसाठी आता कमी रुपये लागू लागले. पण रुपया स्वस्त होता तेव्हाच्या टंचाईपोटी वाढविलेले कर मात्र तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक रयतेच्या सुबत्तेची नव्हती, तिच्याकडून गरजेपेक्षा जास्त वसूल केल्याची होती. लेखनाचा हेतू ओळखून त्यावर नुसता ‘सरकारी प्रचार’ असा शेरा मारणे गोखल्यांना सहज शक्य होते. ते तेथे थांबले नाहीत. १९०३ मध्ये मिठावरील कर कमी झाला.

बातमीचा वेश

अपौरुषेय ग्रंथाला कर्ता नसतो; पण आपल्या काळात कर्ता लपविलेले ग्रंथ निघाले आहेत. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत एकमेकांच्या स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एका नेत्याची स्तुती करणारा एकच मजकूर शब्दशः छापून आला, ही गोष्ट पी. साईनाथ यांनी उघडकीस आणली. त्यावर जाहिरात असे लिहिलेले नव्हते. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने या ‘पेड न्यूज’चा तपास करून ७१ पानांचा अहवाल तयार केला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा संक्षेपच स्वीकारला. मूळ अहवाल लोकांपुढे यावयास केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश व २०११ साल उजाडावे लागले. पैसे घेऊन छापलेल्या मजकुराविषयीचा अहवालच छापण्यास वृत्तपत्रसृष्टी नाखूश होती. वृत्तपत्राच्या पानावर हे लिहिताना मला संकोच होत नाही. आपल्या वाचकाचा विश्वास हेच ज्या पत्राचे भांडवल आहे, त्याने तो होऊ देऊ नये.

अशा मजकुरापुढे तीन खणांचे गाईड पांगळे ठरते. जुन्या कसोट्या मात्र येथेही चालतात. बातमीत अपूर्वता असते. काल घडले नव्हते असे आज काही घडलेले असते. स्तुतीच्या या मजकुरात काहीच घडत नाही. तो अथपासून इतिपर्यंत अर्थवाद असतो, आणि अर्थवाद वगळल्यावर हाती कोरा कागद राहतो. याच्या उलट जातीचा मजकूरही असतो. म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीच्या शेवटी बाजारातील जोखमीविषयीचे वाक्य पूर्वी ज्या वेगाने म्हटले जात असे, ते कोणी ऐकावे म्हणून म्हटलेले नसे. साऱ्या जाहिरातीत खरे तेवढे तेच वाक्य, आणि तेच घाईघाईने उरकलेले! नियामकाने ग्राहकाच्या रक्षणासाठी सक्तीचे केले आणि विक्रेत्याने स्वतःच्या रक्षणासाठी वापरले. एका वाक्याला दोन हेतू असू शकतात, हे कोणत्याही गाईडात मी वाचलेले नाही.

त्या संध्याकाळी भाऊसाहेबांचे कात्रण मी त्यांच्याच हाती दिले आणि म्हटले, “भाऊसाहेब, हा शासन निर्णय आहे असं समजा आणि वाचा.” ते हसले, चष्मा पुसला आणि वाचू लागले. आरंभ प्रवर्तकाच्या गरिबीतील बालपणाने होता. शेवट भ्रमणध्वनी क्रमांकाने. “प्रस्तावना आहे, निर्णय नाही,” ते म्हणाले. ‘खात्रीशीर’ हा शब्द नऊ वेळा आला होता. ‘परतावा कशातून’ या प्रश्नाला एकही ओळ नव्हती. “अटी व शर्ती कुठे आहेत?” त्यांनी मलाच विचारले. मग बराच वेळ ते कात्रणाकडे पाहत राहिले. कचेरीत असा कागद आला असता तर मी सही होऊच दिली नसती, असे ते हळू आवाजात म्हणाले.

तक्रार अर्जाचा कच्चा मसुदा त्यांनी खिशातून काढला. फुलस्केप तीन पाने. आरंभी नोकरीचा इतिहास, मग पत्नीचे आजारपण, मुलीचे शिक्षण, योजनेच्या एजंटाने दिलेली वचने. आणि शेवटी ‘तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.’ मी काही बोलण्याआधीच ते म्हणाले, “सर, अशा अर्जावर मी स्वतः ‘दप्तरी दाखल’ असा शेरा मारला असता.” मागणी कोणती, ती कोणाकडे आणि कोणत्या आधारावर, हे आम्ही आधी लिहिले. ठेवीदारांच्या हितसंबंधांच्या संरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे. अनियमित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा २०१९ चा आहे. रक्कम, तारीख, पावती क्रमांक, कबूल केलेला दर, व्याज थांबल्याची तारीख. अर्ज एका पानात बसला. पत्नीच्या आजारपणाची ओळ मी काढा म्हटले, त्यांनी ती राहू दिली, आणि आता वाटते की त्यांचेच बरोबर होते. अर्ज पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत.

अर्जाखाली सहपत्रांची यादी करताना भाऊसाहेबांचा हात एकदा थांबला. ‘१) पावतीची छायाप्रत. २) योजनेविषयीचा लेख,’ असे त्यांनी सवयीच्या वळणदार अक्षरात लिहिले होते. ‘लेख’ या शब्दावर त्यांनी पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली, शेजारी आद्याक्षरे केली, आणि वर लिहिले: ‘जाहिरात’.